सातवा फर्मा

चाळीस वर्षं कडोलकर गल्लीत
मी पुस्तकं शिवली. वाचली नाहीत.
बाइंडर वाचायला बसला की खळ वाळते.
मला पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांचे फर्मे,
कण्याला कापड, खळीत चिमूटभर मोरचूद.
कानडी असो, मराठी असो, सुई तीच.
कानडी अक्षर येत नाही मला, आकडे येतात.
आकडे जुळले की झालं.

एकदाच जुळले नाहीत.
नंदगडच्या वाचनालयाची एक कादंबरी,
शहाण्णवनंतर थेट एकशे तेरा.
सातवा फर्मा कुठं गेला देव जाणे:
प्रेसखाली, उंदराच्या बिळात, बंबात.
मी तशीच शिवली. घट्ट.
घट्ट शिवलं की भोक दिसत नाही.

तीन महिन्यांनी इंदुमती बिर्जे आल्या,
नंदगडच्या दवाखान्यातल्या नर्सबाई,
पुस्तक टॉवेलात गुंडाळून,
जखमी मांजर आणावं तसं.
"मधे काय झालं?"

चूक झाली म्हणायला जीभ वळेना.
म्हणालो, "आधीचं सांगा, नंतरचं सांगा,
मधलं मला ठाऊक हाय की."
आधी: कृष्णी नदीकाठी, होडीची वाट बघत,
पायाशी ट्रंक, हातात पाटल्या.
नंतर: कृष्णी परक्या गावात, एका खोलीत,
हात उघडे.

मग काय, मी नवरा मारला.
मलप्रभेला पूर आणला, होडी उलटवली,
ट्रंक तेवढी काठाला लावली.
बाई ऐकत राहिल्या, पदर तोंडाला.
"असंच असणार," म्हणाल्या
आणि शेवटची बस धरायला गेल्या.

आता एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय,
दुसऱ्याला साखर आडवी येते.
बेंगळुरूहून पुतण्यानं काळी पाटी पाठवली,
वीतभर, साबणाच्या वडीएवढी जड.
बोटांनी ताणलं की अक्षर वाढतं,
'क' होतो कोयत्याएवढा.
बाहत्तराव्या वर्षी वाचायला लागलो, लाज कसली.

पण ह्याला कणा नाही.
उलटंपालटं करून बघितलं, शिवण नाही.
पानाला आकडा नाही, नुसते टक्के,
सोसायटीच्या व्याजासारखे.

आणि परवा रात्री, एकेचाळीस टक्क्यांवर,
तोच काठ. तीच ट्रंक.
मी श्वास धरला.
भोक आलंच नाही. बोट सरकवलं
नि कृष्णी नदीपार.
पूर नाही, पाणी गुडघाभर.
नवरा धडधाकट, घरी घोरत पडलेला.
पाटल्या तिनंच उतरवल्या,
सराफाला दोनदा वजन करायला लावलं,
पैसे मोजून ट्रंकेत टाकले
आणि भजी खाल्ली.
मी तीस वर्षं तिला विधवा करून ठेवली होती.

सकाळची बस. फलक कानडीत, कंडक्टर दोन्हीत.
वाचनालयात पोरगी नवी. म्हणाली,
"बिर्जेबाई वारल्या की. अकरा वर्षं झाली."
पुस्तक मात्र कपाटात होतं.
शहाण्णवनंतर
दवाखान्याच्या केसपेपरची कोरी पाठ,
जांभळ्या शाईत माझा पूर, माझी होडी,
मी न सांगितलेला एक कुत्रासुद्धा,
काठाकाठानं होडीमागं भुंकत पळणारा.
खाली बारीक अक्षरात:
'हे बाइंडरनं सांगितलेलं. खोटं असणार.
पण मन लावून सांगितलं.'

आजूबाजूची माझी शिवण सैल झालेली.
बाईंची नाही. जखमेचा दोरा,
प्रत्येक टाका सुटा, प्रत्येकाला आपली गाठ,
एक तुटला तरी शेजारचा धरून राहतो.
मी कधी असं शिवलं नाही.
वेळ कुठं होता.

पोरीला काळी पाटी दिली.
तिनं खरी पानं मोठ्यानं वाचली,
सराफ, वजन, भजी.
मग बोट मागं नेलं, पुढं नेलं, परत मागं.
"आणि कुत्रा?" म्हणाली,
"कुत्रा नाही ह्यात?"